कृष्णगिरीवरचें निःशब्द नगर

इ. स. १६९५ सालीं जेमेल्ली कारेरी नांवाचा एक इटालियन गृहस्थ वसईच्या बाजूनें साष्टी बेटांत आला. हा दक्षिण इटलींतील कालाब्रिया प्रांताचा राहणारा, विद्येनें कायदेपंडित. पदरचे पैसे खर्चून, मिळेल त्या गलबतानें आणि मिळेल त्या तांड्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेला. त्याच्या देशांत डोंगरमाथ्यावर वसलेल्या गांवांना तोटा नाहीं. खालीं दरींत द्राक्षांचे मळे, वर उभ्या कड्यावर एकमेकांना बिलगून बसलेलीं दगडी घरें, मध्यें देवळाचा मनोरा, आणि दोन प्रहरीं रस्त्यांत चिटपांखरूंहि दिसूं नये अशी शांतता. अशीं मध्ययुगीन गांवें पाहावयास आज जगभरचे प्रवासी इटलींत जातात. कारेरी त्याच्या उलट दिशेनें आला, आणि साष्टीच्या रानांत जें दिसलें तें पाहून थक्क झाला. कान्हेरीच्या लेण्यांचें त्यानें सविस्तर वर्णन केलें, युरोपांतल्या लोकांना ह्या स्थळाची वार्ताहि नसावी ह्याचें नवल केलें, आणि एवढें काम सिकंदर बादशहावांचून दुसऱ्या कोणाच्या हातून होणें शक्य नाहीं असा निर्वाळा देऊन टाकला.

सिकंदर ख्रिस्तपूर्व ३२६ सालीं पंजाबांत बियास नदीच्या कांठावरूनच मागें फिरला होता. कोंकणची किनारपट्टी त्याच्या स्वप्नांतहि आली नसेल. परंतु कारेरीला हंसण्यांत अर्थ नाहीं. ज्या भिंतींकडे तो पाहत होता त्यांच्यावर लेणीं करवून घेणाऱ्यांचीं नांवें, गांवें आणि धंदे कोरलेले होते. मात्र तीं अक्षरें वाचूं शकणारा एकहि मनुष्य त्या वेळीं पृथ्वीच्या पाठीवर नव्हता.

त्याच्या आधीं वीस वर्षें, म्हणजे १६७५ सालीं, ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर येथें येऊन गेला होता. त्यानें ह्या जागेला खडकांत कोरलेलें, उजाड झालेलें शहर म्हटलें. हा शब्द ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मुंबईकर कान्हेरीला 'लेणीं' म्हणतात, आणि लेणीं म्हटलीं कीं डोळ्यांपुढें येते ती एखादी अंधारी गुहा व तींतील दोनचार मूर्ति. कान्हेरी पाहावयाची ती एक नांदतें गांव म्हणून पाहावी. शंभरांहून अधिक खोदलेलीं घरें, त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या, दारोदार पाण्याचीं टाकीं, एक मोठें देवालय, एक सभागृह आणि वस्तीच्या कडेला मृतांची जागा, असा ह्या गांवाचा पसारा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास त्याची वसाहत सुरू झाली. अकराव्या शतकापर्यंत तेथें माणसांचा राबता होता. मुंबई शहराचें आजचें सगळें आयुष्य ह्या गांवाच्या आयुष्याच्या निम्म्यानेंहि भरत नाहीं.

बोरिवली स्टेशनांत पूर्वेच्या बाजूस उतरलें कीं थोड्याच वेळांत प्रवासी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशीं पोंचतो. द्रुतगति मार्गावरच्या वाहनांचा कल्लोळ पाठीशीं असतो. आंत शिरल्यावर सहासात किलोमीटर रस्ता रानांतून जातो, दहिसर नदीची सोबत मधून मधून मिळते, आणि दोनचार वळणांनंतर शहराचा आवाज कोठें गेला हें कळतहि नाहीं. माघ-फाल्गुनांत गेलें तर पळस आणि सांवर पानें झाडून फुलांवर आलेलीं दिसतात. कारवीचीं जाळीं उतारावर सर्वत्र आहेत, पण तिला फुलतांना पाहावयाचें तर आठ वर्षें धीर धरावा लागतो. सोमवारीं मात्र कोणी जाऊं नये. त्या दिवशीं दार बंद असतें.

झाडी संपते आणि डोंगर एकदम उघडा पडतो. खडक काळाकरडा, गोलसर, हत्तीच्या पाठीसारखा. ज्वालामुखीची राख व दगडगोटे एकत्र घट्ट होऊन तो बनला आहे. कोरण्यास मऊ, म्हणून पाथरवटांना सोयीचा. आणि झिजण्यास तितकाच मऊ, म्हणून शिल्पाला वाईट. ह्या काळ्या रंगावरूनच डोंगराला कण्हसेल, म्हणजे कृष्णशैल, असें जुनें नांव पडलें. त्याचेंच पुढें कान्हेरी झालें.

पहिलें लेणें अपुरेंच राहिलें आहे. दर्शनीं दोन अवाढव्य खांब, आणि आंत विशेष कांहीं नाहीं. तिसरें लेणें हें ह्या गांवाचें मुख्य चैत्यगृह. सुमारें ८६ फूट लांब, ३४ खांबांचें, शेवटीं स्तूप, आणि ओसरीच्या दोन टोकांस मागाहून कोरलेल्या बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ति, वीस फुटांहून उंच. कार्ल्याचें चैत्यगृह ज्यानें पाहिलें आहे त्याला येथली कारागिरी हलकी वाटेल, आणि तें वाटणें खोटें नाहीं. कांहीं खांबांचीं शीर्षें अर्धीं घडवून तशींच सोडलेलीं आहेत. यज्ञश्री सातकर्णी ह्या सातवाहन राजाच्या काळीं, दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, हें काम झालें. परंतु राजानें तें केलेलें नाहीं. गजसेन आणि गजमित्र ह्या दोन व्यापारी भावांनीं तें करवून घेतलें असें तेथील लेख सांगतो, आणि कामावर देखरेख करणारे भिक्षु व राबणारे पाथरवट ह्यांचीहि त्यानें नोंद ठेवली आहे.

पुष्कळ मंडळी येथवर येतात, मोठ्या मूर्तींसमोर छायाचित्रें काढतात, आणि खालीं उतरून उसाचा रस पिऊन घरीं जातात. कान्हेरीचें गांव खरें म्हणजे येथून पुढें सुरू होतें. ओढ्याच्या घळीच्या दोन्ही अंगांनीं खडकांत खोदलेल्या पायऱ्या वर वर जातात. घरें साधीं आहेत. पुढें एक अंगण, त्याला लागून ओसरी, ओसरींत बसावयास दगडी कट्टा, आंत एक खोली, तींत निजावयास आणखी एक कट्टा. खिडकीला दगडांतच कोरलेली जाळी. आणि अंगणाच्या एका बाजूस, खडकांतल्या कोनाड्याखालीं, पाण्याचें टाकें. ह्या टाक्यांकडे पाहिल्यावांचून ह्या गांवाचा संसार समजत नाहीं.

डोंगरावर गांव वसविणाऱ्या प्रत्येक समाजापुढें पहिला प्रश्न पाण्याचा असतो. इटलींतील ऑर्व्हिएतो हें नगर असेंच ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ खडकाच्या माथ्यावर आहे. १५२७ सालीं रोमची लूट झाल्यावर सातवा क्लेमेंट पोप तेथें आश्रयास गेला. वेढा पडल्यास पाणी कोठून आणावें ह्या चिंतेनें त्यानें ५३ मीटर खोल विहीर खोदावयास घेतली. ती १५३७ सालीं पुरी झाली. तिला एकांत एक गुंफलेले दोन वळणदार जिने आहेत, ते अशा बेतानें कीं एकानें उतरणारें खेंचर दुसऱ्यानें चढणाऱ्या खेंचरास आडवें येऊं नये. मातेरा येथील खडकांतल्या घरांनीं दुसरी युक्ति केली. छपरावरचा पाऊस पन्हळींनीं खालच्या हौदांत साठविला. कान्हेरीच्या भिक्षूंनीं नेमकें हेंच त्यांच्या कित्येक शतकें आधीं केलें होतें. येथें वर्षाकाठीं सुमारें शंभर इंच पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून समुद्रास मिळतो. लेण्यांच्या कपाळावर, वरच्या उघड्या कातळावर, नीट पाहिलें तर बोटभर खोलीचे पाट कोरलेले दिसतात. ते वाहतें पाणी दारावरून बाजूस वळवितात व टाक्यांत आणून सोडतात. टाक्याचें तोंड लहान आणि पोट मोठें, म्हणून ऊन आंत पोंचत नाहीं. खालच्या ओढ्यावर जुन्या बांधाच्या खुणा आहेत. पाऊस संपून महिने लोटले तरी कित्येक टाक्यांत आजहि पाणी असतें.

शिलालेखांत टाक्याला 'पाणीयपोढि' म्हटलें आहे. लेण्याच्या अभ्यासकांनीं हा 'पोढी' शब्द अजून सोडलेला नाहीं. आणि हीं पोढ्यांचीं दानें कोणीं कोणीं केलीं आहेत! कल्याणच्या सामिदत नांवाच्या सोनारानें एक पोढी दिली. कल्याणचीच दामिला नांवाची एक भिक्षुणी. तिनें एक लेणें आणि पोढी दिली. नाशिकचे, चौलचे, सोपाऱ्याचे व्यापारी आणि सराफ ह्या यादींत आहेत. कल्याणच्या नंद नांवाच्या लोहाराजवळ लेणें खोदण्याइतका पैसा नसावा. त्यानें एक पायवाट करून दिली आणि 'ही वाट माझें दान' एवढ्याच अर्थाचीं चार अक्षरें खडकावर कोरविलीं. सिकंदराच्या शोधांत असलेल्या कारेरीचे पाय कदाचित् ह्याच लोहाराच्या वाटेवरून गेले असतील.

राजघराण्याचें नांव येतें तेंहि पाण्याच्याच निमित्तानें. पांचव्या लेण्याजवळच्या टाक्यावर एक तुटका लेख आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक कुळांत जन्मलेली, महाक्षत्रप रुद्राची कन्या. तिच्या सतेरक नांवाच्या विश्वासू अमात्यानें हें टाकें दिलें, असा त्याचा आशय. हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामन्. त्याचा स्वतःचा लेख इ. स. १५० च्या सुमारचा, गिरनारच्या खडकावर आहे. वादळानें फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध आपण कसा दुरुस्त केला हें त्यांत त्यानें अभिमानानें सांगितलें आहे. दक्षिणेच्या सातकर्णीला दोनदां जिंकूनहि जवळच्या नात्यामुळें आपण त्याचा उच्छेद केला नाहीं, असेंहि तो म्हणतो. बापाची कीर्ति सोरठांतल्या तलावावर, आणि लेकीची आठवण बोरिवलीच्या डोंगरांतल्या एका टाक्यावर. तिचें नांव असलेला दगडाचा भाग मात्र झिजून गेला आहे.

पाण्याची सोय झाली, तरी अन्नवस्त्राची कशी व्हावी? त्यासाठीं 'अक्षयनीवी' नांवाची व्यवस्था होती. दात्यानें ठेव ठेवावयाची. मूळ रकमेस हात लावावयाचा नाहीं. तिच्या व्याजांतून भिक्षूंना पावसाळ्याचीं चीवरें मिळावयाचीं. पैशाच्या ऐवजीं जमीनहि चाले. एका लेखांत मगळठाण नांवाच्या गांवांतलें शेत लावून दिल्याची नोंद आहे. हें मगळठाण म्हणजे बोरिवलीचें मागाठाणें. तेथें आज मेट्रोचें स्थानक आहे, आणि जवळच दाट वस्तींत मागाठाण्याच्या स्वतःच्या जुन्या लेण्यांचे अवशेष तग धरून आहेत. रोज सकाळीं त्या स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या हजारों चाकरमान्यांपैकीं किती जणांना ठाऊक असेल कीं आपल्या स्थानकाचें नांव सुमारें अठराशें वर्षांपूर्वींच्या एका खातेउताऱ्यावर आहे?

एवढा पैसा कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांकडे आला कोठून, ह्याचें उत्तर समुद्रावर आहे. पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक खलाशानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या मार्गदर्शक पुस्तकांत कल्याण, सोपारा, चौल ह्या बंदरांचीं नांवें आहेत. भडोचला कोणता माल खपतो ह्याची यादी देतांना त्यानें द्राक्षमद्याचा उल्लेख केला आहे, आणि त्यांतहि इटलीचें मद्य अधिक पसंत पडतें असें टिपून ठेविलें आहे. इटलीच्या डोंगरउतारांवरचीं द्राक्षें अशा रीतीनें पश्चिम किनाऱ्यावर येत. परत जाणाऱ्या गलबतांत मिरीं, कापूस, रत्नें भरलीं जात. आणि ह्या देवघेवीच्या नफ्यांतला एक लहानसा झरा वळून कृष्णगिरीच्या टाक्यांत येऊन पडे. संसार सोडलेल्या माणसांचें हें गांव संसारी माणसांच्या हिशेबाच्या वह्यांवर उभें होतें. ह्यांत विसंगति कोणास वाटल्यास वाटो. त्या सोनाराला आणि त्या लोहाराला ती वाटली नाहीं.

अकराव्या लेण्याला लोक दरबार म्हणतात. दरबार तेथें कधीं भरला नाहीं. नांव तेवढें चिकटलें आहे. लांबच लांब दालन, आणि त्याच्या मधून समांतर गेलेले दोन बुटके दगडी बाक. वेरुळच्या पांचव्या लेण्यांत असेच आहेत. भिक्षूंनीं एकत्र बसून पाठ म्हणावयाची किंवा जेवावयाची ही जागा असावी. ह्या बाजूच्या लेण्यांत नवव्या शतकांतले तीन लेख आहेत, शके ७६५, ७७५ आणि ७९९ चे. राष्ट्रकूट सम्राट् अमोघवर्ष आणि कोंकणांतले त्याचे शिलाहार मांडलिक पुल्लशक्ति व कपर्दी ह्यांचीं नांवें त्यांत येतात. शके ७७५ च्या लेखांतला दाता थेट गौड देशाहून, म्हणजे बंगालहून, आलेला आहे. अविघ्नाकर त्याचें नांव. त्यानें भिक्षूंना ध्यानासाठीं खोल्या करून दिल्या आणि शंभर द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली. शके ७६५ च्या देणगींत डागडुजी आणि चीवरें ह्यांच्या बरोबर ग्रंथांसाठींहि तरतूद आहे. ज्या गांवाला पोथ्यांसाठीं वेगळी रक्कम काढावी लागते तें गांव केवळ डोळे मिटून बसणाऱ्यांचें नसावें.

पावसाळ्यांत येथलें जीवन सर्वांत गजबजलेलें असे. चातुर्मासांत भिक्षूंनीं हिंडूं नये, एके ठिकाणीं राहावें, असा बुद्धाच्या काळापासूनचा नियम. त्यामुळें दूरदूरचे भिक्षु आषाढाच्या सुमारास परतत. २०२१ सालीं एक बातमी प्रसिद्ध झाली कीं डॉ. सूरज पंडित ह्यांच्या पथकाला ह्या रानांत आणखी सात लहान लेणीं सांपडलीं. त्यांच्याजवळ टाकीं नाहींत. ह्यावरून तीं पावसाळ्यापुरतीच वापरांत असावींत, असा तर्क त्यांनीं बांधला. पाऊस अंगणांत पडत असतांना पाणी साठविण्याची गरज ती काय!

येथून पुढची चढण दमछाक करणारी आहे, पण ती टाळूं नये. चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाचीं चित्रें काढावयास घेऊन कोणी चित्रकार तीं अर्धवट टाकून गेला आहे. एकेचाळिसाव्यांत अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. भारतांतल्या कोरीव लेण्यांत असा दुसरा नाहीं. नव्वदाव्या लेण्यांतहि अवलोकितेश्वराचें एक मोठें शिल्प आहे. संकटांत सांपडलेले भक्त त्याच्या दोन्ही बाजूंस त्याला हांक मारीत आहेत. परंतु ह्या लेण्यांतली खरी गंमत भिंतीवर खरडलेल्या कांहीं ओळींत आहे. त्या पहलवी लिपींत आहेत. इ. स. १००९ सालीं दोनदां, आणि पुन्हां १०२१ सालीं, इराणी वंशाची पारशी मंडळी हें स्थळ पाहावयास आली. कोण कोण आलें त्यांचीं नांवें, तारीख, एवढाच मजकूर. म्हणजे भिंतीवर नांव लिहिण्याची खोड आजच्या सहलींची नव्हे. तिला हजार वर्षें होऊन गेलीं. फरक एवढाच कीं त्या पाहुण्यांचीं नांवें आज इतिहासाचें साधन झालीं आहेत. बदामाच्या आकारांत बाण घुसवून कोरलेल्या नांवांना तो मान आणखी हजार वर्षांनींहि मिळेल असें वाटत नाहीं.

डोंगराच्या दुसऱ्या अंगास, ओढ्याच्या वरच्या बाजूला, खडकाच्या झुकत्या छताखालीं विटांच्या बैठकींची एक रांग आहे. हे लहान लहान स्तूप आहेत. कांहींचे फक्त गोल पाये उरले आहेत. गांवांतले थोर भिक्षु निवर्तले म्हणजे त्यांचे अवशेष येथें ठेवीत. येथें सांपडलेल्या दगडी पाट्यांवरून त्या थेरांचीं नांवें वाचण्याचें काम पुण्याच्या डॉ. शोभना गोखले ह्यांनीं केलें. कित्येक लेण्यांत दात्यांचीं नांवें आहेत. राहणाऱ्यांचीं नांवें मुख्यतः मिळतात तीं येथें, मेल्यावर. बाराचार पावलांवर दरी आहे. वारा आला म्हणजे सुकलेल्या पानांचा आवाज होतो, आणि त्याखेरीज दुसरा कसलाहि आवाज येथें ऐकूं येत नाहीं.

हें गांव कोणीं लुटलें नाहीं, जाळलें नाहीं. तें हळूहळू रिकामें झालें. दूरदेशींचा जुना व्यापार मंदावला. दानाचा ओघ दुसरीकडे वळला. शिलाहार राजवटींत अंबरनाथचें देखणें शिवालय उभें राहिलें, त्यावरील लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा आहे. त्या सुमारास कान्हेरीला नवें लेणें खोदून देणारा कोणी उरला नव्हता. पारशी पाहुणे आले तेव्हां दिवे बहुधा अजून जळत असतील, पण थोडे.

पुढें पांचशें वर्षें रान आणि गोसावी ह्यांचें राज्य. १५३४ सालीं वसई प्रांत पोर्तुगीजांकडे गेला, आणि अंतोनियो दो पोर्तो नांवाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्यानें येथल्या मोठ्या चैत्यगृहाचें सेंट मायकेलच्या नांवानें प्रार्थनामंदिर केलें. त्याची एक हकीकत दियोगु दो कौतो ह्या पोर्तुगीज इतिहासकारानें लिहून ठेविली आहे. कान्हेरीच्या पोटांत एक भुयार असून तें थेट खंबायतपर्यंत जातें, त्याचा शेवट कोणास लागलेला नाहीं, अशी त्या वेळीं वदंता होती. पाद्रीबुवांनीं वीस माणसें, बंदुका, शिधा, पाणी, मेणबत्त्या आणि वाट चुकूं नये म्हणून दोरखंडांचीं बंडलें बरोबर घेतलीं आणि तोंडाशीं एका धोंड्याला दोर बांधून ते आंत शिरले. सात दिवस हिंडले. शेवट सांपडला नाहीं, आणि पाण्याची भीति वाटूं लागली तेव्हां दोर धरून परत आले. लेण्यांची मांडणी पाहतां सात दिवस हिंडण्याजोगी जागा त्या डोंगरांत कोठें असेल हें सांगणें कठीण आहे; पण गोष्ट सांगणाऱ्याचा दोर कौतोनें मध्येंच कापला नाहीं ह्याबद्दल त्याचे आभार मानावयास हवेत.

कौतोच्याच ग्रंथांतली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. साष्टींतल्या लोकांनीं सांगितलें कीं कोणा एका राजाला मुलगा झाला. हा मुलगा संसार सोडील असें भविष्य वर्तविलें गेलें. म्हणून दुःख, म्हातारपण, मृत्यु त्याच्या दृष्टीस पडूं नये ह्यासाठीं राजानें ही जागा खोदविली. कौतो चमकला. ही तर युरोपांत घरोघर ठाऊक असलेली संत जोसाफातची कथा! जोसाफात म्हणजे मूळचा बोधिसत्त्व. बुद्धाचें चरित्र मध्य आशियांतून अरबींत, अरबींतून जॉर्जियन भाषेंत, तेथून ग्रीक आणि लॅटिनमध्यें गेलें होतें. वाटेंत नांव झिजून झिजून जोसाफात झालें, आणि रोमन पंथाच्या संतमालिकेंत त्याला २७ नोव्हेंबर हा दिवसहि मिळाला. त्याच कथाग्रंथांतला एक दृष्टांत इटलींत पार्मा येथील बाप्तिस्मागृहाच्या दारावर कोरलेला आहे. एक मनुष्य झाडावर मध चाखण्यांत गुंग, खालीं अजगर जबडा पसरून बसलेला, आणि दोन जनावरें झाडाचें मूळ कुरतडीत आहेत. महाभारताच्या स्त्रीपर्वांत विदुरानें धृतराष्ट्राला सांगितलेला विहिरींत लोंबकळणाऱ्या माणसाचा दृष्टांत ज्यांनीं ऐकला आहे त्यांना तो ओळखावयास क्षणहि लागणार नाहीं. इतका मोठा प्रवास करून ती कथा पोर्तुगीजांच्या जहाजांतून पुन्हां कान्हेरीच्या पायथ्याशीं आली. आणि हा धर्म आपल्याकडून येथें आला असावा कीं येथून आपल्याकडे, असा साधा प्रश्नहि कोणास पडला नाहीं.

१७३७ सालीं चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ सालीं इंग्रजांकडे गेली. ह्या सगळ्या काळांत भिंतींवरचीं अक्षरें मुकीं होतीं. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेपला ब्राह्मी लिपि उलगडली. पुढें वेस्ट ह्यानें ह्या लेखांच्या नकला घेतल्या, पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं ते वाचण्यांत मोठा वांटा उचलला, आणि १९९१ सालीं डॉ. गोखले ह्यांचा कान्हेरीच्या शिलालेखांचा समग्र ग्रंथ डेक्कन कॉलेजनें प्रसिद्ध केला. कारेरीचा सिकंदर, कौतोचा राजा, गांवकऱ्यांचे पांडव, हे सगळे बाजूला झाले आणि त्यांच्या जागीं सोनार, लोहार, सराफ, भिक्षुणी येऊन उभीं राहिलीं.

इटलींत बान्योरेज्योजवळ चिविता नांवाचें एक डोंगरी गांव आहे. त्याचा खडक दरवर्षीं ढांसळतो. तेथें कायमचे राहणारे लोक आतां हातांच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. १९६५ सालीं बांधलेल्या अरुंद पादचारी पुलावरून प्रवासी मात्र लोंढ्यानें येतात, म्हणून २०१३ पासून गांवांत पाऊल टाकण्यास तिकीट आहे. कान्हेरीलाहि तिकीट आहे आणि लोंढाहि आहे. तथापि तो लोंढा तिसऱ्या लेण्यापाशीं थांबतो, ही त्या वरच्या गांवावर झालेली कृपाच म्हणावयाची. शांततेची किंमत कळावी इतकेच लोक वर यावेत, आणि तीं लेणीं आपलीं म्हणून जपावीं असें वाटणारे लोक मात्र पुष्कळ व्हावेत, ह्या दोन इच्छा एकमेकींशीं भांडतात खऱ्या. पण कान्हेरीवर प्रेम करणाऱ्या माणसाला त्या दोन्ही बाळगाव्या लागतात. सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांना टाक्यांत बाटली टाकूं नका म्हणून दटावण्यापेक्षां तें टाकें कोणा सोनारानें दिलें हें सांगून पाहावें. कदाचित् बाटली टाकली जाणार नाहीं.

ह्याच डोंगररांगेच्या पोटांतून आतां खरोखरचें भुयार जाणार आहे. ठाणें आणि बोरिवली जोडणाऱ्या सुमारें बारा किलोमीटरच्या रस्त्यांतला जोडबोगदा राष्ट्रीय उद्यानाखालून जावयाचा असून २०२४ सालीं त्याची पायाभरणी झाली. सात दिवसांत पाद्रीबुवांना जो शेवट सांपडला नाहीं तो मोटारींना कांहीं मिनिटांत सांपडेल.

डोंगराच्या माथ्यावर पोंचलेल्या प्रवाशाला पश्चिमेस बोरिवलीचे मनोरे आणि त्यांच्या पलीकडे खाडीची चकाकती पट्टी दिसते. ज्या दिशेकडून कल्याणचे व्यापारी येत ती दिशा पाठीमागें राहते. तेथें कातळांत बसावयास आसनें कोरलेलीं आहेत. पांच वाजण्याच्या सुमारास रखवालदाराची शिटी खालून ऐकूं येते. अंधार पडण्यापूर्वीं सर्वांनीं उतरावयाचें असतें, कारण रात्रीं हें रान बिबळ्याचें आहे. उतरतांना पायऱ्या बहुतेक रिकाम्या असतात. एखाद्या टाक्याशीं माकडाचें पिल्लू ओणवून पाणी पीत असतें, आणि खालच्या वळणावरून उद्यानाच्या शेवटच्या मोटारीचा कर्णा वाजतो.